मुक्ती : केडगावच्या माळावरचा संसार

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती या संस्थेची सुरुवात सेवेच्या संकल्पातून झाली, असे स्मरणिकेत लिहून टाकणे सोपे आहे. पण सुरुवात झाली ती हिशेबातून. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी १८८७च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि पंडिता रमाबाईंच्या कामाला दहा वर्षे पैसे पुरवण्याचे तिने कबूल केले. ही मुदत १८९८ साली संपणार होती. पुढे त्यांच्या पुण्यातल्या शारदासदन या शाळेतल्या विधवांनी खायचे काय? परदेशातल्या वर्गणीवर कायम विसंबून राहणे रमाबाईंना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, केडगाव स्टेशनाजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, फळझाडे लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर पुण्याची शाळा चालवायची, एवढाच बेत होता. तिथे माणसे राहायला न्यायची, हे त्या बेतात कुठेच नव्हते. बाग धरायच्या आधी दुष्काळ पडला आणि झाडांसाठी घेतलेल्या जमिनीवर मुली आल्या.

संस्थांच्या इतिहासात बहुधा आधी ध्येय, मग घटना, मग इमारत आणि शेवटी कामाचा तपशील येतो. मुक्तीत काम आधी दारात येऊन उभे राहिले. छप्पर त्यानंतर आले, आणि ध्येय काय ते कागदावर नीट मांडायला सवड मिळाली ती आणखी पुढे. हा क्रम लक्षात ठेवला नाही तर रमाबाईंचे नेतृत्व कळत नाही.

त्यांचे पूर्वायुष्य महाराष्ट्राला ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. त्या लक्ष्मीबाईंनी मग मुलीला शिकवले. भागवताचे १८ हजार श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत होते. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हिंडे आणि मिळेल त्यावर राही. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात ते उपासमारीत सापडले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या घेणाऱ्या मुलीने चारच वर्षांपूर्वी रानातला पाला खाऊन दिवस काढले होते. भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचे लग्न झाले. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१च्या एप्रिलात मनोरमेचा जन्म झाला आणि वर्ष पुरे व्हायच्या आत, १८८२च्या फेब्रुवारीत, पती पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन ही विधवा पुण्यात आली आणि तिने आर्य महिला समाज काढला.

यानंतरचे इंग्लंडचे दिवस मात्र थोडे थांबून पाहायला हवेत. मुक्तीचे बीज तिथले आहे, आणि मुक्तीबद्दलच्या बऱ्याच गैरसमजांचे उत्तरही तिथेच मिळते.

१८८३ साली रमाबाई डॉक्टरी शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. कान अधू होत चालल्यामुळे तो इरादा बारगळला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेऊन आपले एक घर दाखवले. समाजाने ज्यांना ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिले होते अशा बायका तिथे राहत, आणि चांगल्या घरच्या, शिकलेल्या भगिनी त्यांची शुश्रूषा करीत. रमाबाईंना याचा धक्काच बसला. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या त्यांत अशा स्त्रीला शिक्षा होती, प्रायश्चित्त होते; तिच्या उशाशी बसून तिचे दुखणे काढणारे कोणी नव्हते. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या परजातीच्या बाईकडे येशू आधी पाणी मागतो आणि मग तिच्याशी धर्मावर बोलतो. पंडितांच्या सभा जिंकलेल्या रमाबाई वादात हरून ख्रिस्ती झाल्या नाहीत. घाण काढणारे हात त्यांनी पाहिले आणि त्या हातांमागे काय आहे याचा शोध घेत त्या गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. रमाबाईंची बाजू घेणारे थोडे होते. त्यांत जोतीराव फुले होते, आणि १८८५च्या ‘सत्सारा’त त्यांनी ती बाजू उघड मांडली. इकडच्यांना वाटले, रमाबाई मिशनऱ्यांच्या हातातले बाहुले झाल्या. तिकडे इंग्लंडात मिशनऱ्यांच्या डोक्याला निराळाच ताप झाला होता. बाप्तिस्मा घेतलेली ही बाई सांगितले ते ऐकेना. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती आपल्या लोकांना कळत नाहीत, संस्कृत का नको, असे ती विचारी. शाकाहार सोडायला ती तयार नव्हती. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवताना पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवण्याचा विषय निघाला. ते अयोग्य असे हिंदुस्थानातल्या काही बिशपांनी कळवले, तेव्हा तिने सरळ विचारले की, मी काय शिकवावे आणि कोणाला, हे ठरवणारे ते कोण? धर्माच्या बाबतीत आपली विवेकबुद्धी आपण कोणाच्या स्वाधीन केलेली नाही, हे तिने वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना पत्रांमागून पत्रे लिहून बजावले. १९७७ साली ए. बी. शहा यांनी हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. त्या पत्रांत आज्ञाधारक शिष्या शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल.

ख्रिस्ती मंडळ्यांमधून ‘नम्र सेवा’ हे शब्द इतके ऐकू येतात की नम्र म्हणजे वरच्याने सांगितलेले मुकाट ऐकणारा, असे आपल्या मनात घट्ट बसले आहे. रमाबाई वरच्यांपुढे कधीच वाकल्या नाहीत. ना बिशपांपुढे, ना पुण्याच्या पुढाऱ्यांपुढे, ना मुंबईच्या गव्हर्नरापुढे. त्या वाकल्या त्या फक्त खालच्या बाजूला. मुक्तीचा पुढचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीचा विस्तार वाटतो.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला होता. त्यासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. त्यातून आणि व्याख्यानांतून पैसा उभा राहिला. १८८९ साली त्या परत आल्या, आणि बरोबर ११ मार्चलाच मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. सदनात आलेली पहिली विधवा गोदूबाई जोशी. पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, आणि ती आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामामागे शारदासदनात शिकलेली ही बाई उभी होती, हे आपण सहसा आठवत नाही.

सदन १८९०च्या नोव्हेंबरात पुण्याला आले. ब्राह्मण मुलींचे सोवळे सांभाळले जाई, त्यांचा स्वयंपाक वेगळा होई, धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे लोक सल्लागार मंडळात होते. रमाबाई मात्र पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून १८९३ साली मोठे वादळ झाले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या. या प्रकरणात दोन्ही बाजू पूर्ण निर्दोष होत्या असे म्हणवत नाही. मुलींच्या आईबापांची भीती खोटी नव्हती. काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंचे म्हणणेही सरळ होते: ज्याला यायचे त्याने यावे, नको त्याने येऊ नये, मी मात्र माझे दार लावून घेणार नाही. पुण्याच्या सुधारकांशी असलेला त्यांचा संबंध जवळजवळ तुटला तो इथे. ज्या समाजात त्या विदुषी म्हणून मिरवू शकल्या असत्या तो त्यांनी गमावला.

१८९५च्या हिवाळ्यात त्या साध्या यात्रेकरूच्या वेशात वृंदावनाला जाऊन राहिल्या. देवाच्या नावाने तिथे सोडून दिलेल्या विधवांचे काय होते ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. जे पाहिले ते भयंकर होते. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८९६च्या अखेरीस रमाबाई तिकडे निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि दुष्काळी कामांवर पोरक्या मुलींचे काय हाल चालतात, मुकादम आणि दलाल त्यांना कुठे पोचवतात, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आधी थोड्या, मग आणखी, असे करता करता सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या.

ठेवणार कुठे? पुण्यात प्लेग शिरला होता, आणि शहरात इतक्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून केडगाव. तंबू ठोकले, गवताची छपरे घातली. विहिरी आधीच खणलेल्या होत्या, ही केवळ त्या जुन्या हिशेबाची कृपा.

याच काळात पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात आपल्या सदनातल्या एका मुलीचे काय झाले, यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सडेतोड पत्र लिहिले. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांची तक्रार खोटी ठरवली. रमाबाईंनी शब्द मागे घेतले नाहीत. हीच बाई त्या दिवसांत रोज सकाळी केडगावला खरजेने भरलेल्या मुलींमध्ये वावरत होती. सरकारशी भांडणारी रमाबाई आणि त्या पोरींमधली रमाबाई अशा दोन रमाबाई नव्हत्या. त्या पोरींच्या जिवासाठीच ते भांडण होते.

आलेल्या मुली कशा होत्या हे आज वाचताना अंगावर काटा येतो. हाडांचे सापळे, डोक्यात उवा, अंगभर फोड, तोंड आलेले, जुलाब चालू. कित्येक वाचल्याही नाहीत. ज्या वाचल्या त्या लगेच गुणी झाल्या असेही नाही. अन्न दिसले की झडप घालायची, मिळालेले लपवून ठेवायचे, चोरायचे, चावायचे, पळून जायचे. दुष्काळाने शिकवलेले इतक्या लवकर विसरता येत नाही. या मुलींना आंघोळ घालणे, केस कापणे, घाण काढणे, चमच्याने पेज भरवणे ही कामे कोणी केली? पगारी नोकरांनी नव्हेत. शारदासदनात वाढलेल्या थोरल्या मुलींनी केली. त्यांतल्या कितीतरी ब्राह्मण घरातल्या होत्या, आणि दहा वर्षांपूर्वी यांतल्या एखाद्या पोरीची सावली अंगावर पडली असती तर त्यांना स्नान करावे लागले असते.

येशूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाला पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच तिचा धक्का ओसरलेला असतो. महाराष्ट्रातल्या माणसाला हा धक्का अजून लागायला हवा. आपल्याकडे पाय धुतात ते मोठ्यांचे. यजमान ब्राह्मणाचे धुतो, वधूपिता जावयाचे धुतो, शिष्य गुरूचे धुतो. खालच्याने वरच्याचे पाय धुवायचे हा शिरस्ता इतका पक्का की उलटे झाले तर पेत्र या शिष्यासारखे आपणही घाबरून मागे सरू. केडगावला रोज उलटे चालले होते. पंडितांनी पदवी दिलेली, संस्कृतात वाद घालणारी ब्राह्मण विधवा, आणि तिने वाढवलेल्या ब्राह्मण मुली, कोणत्या जातीच्या हेही ठाऊक नसलेल्या पोरींचे पाय धूत होत्या. याला त्यांनी समाजक्रांती असे नाव दिले नाही. करायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून केले.

१८९८ साली या वसाहतीला रीतसर मुक्तिसदन हे नाव मिळाले. नावामागे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक उल्लेख आहे. बॉस्टनची मुदत त्याच वर्षी संपली. रमाबाई स्वतः अमेरिकेला जाऊन आल्या आणि असोसिएशनची नव्याने घडी बसली. परंतु ठरलेल्या वार्षिक रकमेची खात्री आता उरली नव्हती, आणि खाणारी तोंडे तर वाढतच होती. जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर या ख्रिस्ती सेवकांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती. कोणाकडे हात न पसरता, देवाकडे मागायचे आणि मिळेल त्यावर चालवायचे, ही त्या दोघांची रीत त्यांनी उचलली. हे वाचायला छान वाटते; दीड हजार माणसांच्या स्वयंपाकघरात उभे राहून ते रोज निभावणे काय असेल याची कल्पना करून पाहावी. १८९९–१९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. या वेळी त्यांना आणायला मुक्तीतल्याच बायका गेल्या, आणि त्यांच्यापैकी काही जणी चार वर्षांपूर्वी अशाच आणल्या गेलेल्या होत्या. १९००च्या सुमारास मुक्तीत सुमारे १५०० जणी होत्या, आणि शंभरावर गुरे.

एवढ्या मोठ्या घराची वाटणी सदनांत झाली. शारदासदन शिक्षणासाठी. कृपासदन फसवल्या गेलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांसाठी; फुलहॅमला पाहिलेले घर पंधरा-सोळा वर्षांनी केडगावला उभे राहिले ते हे. प्रीतिसदन म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी, बार्तीमी सदन आंधळ्यांसाठी, सदानंद सदन मुलग्यांसाठी. अंध मुलींना ब्रेल शिकवायचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले. कोणी माग चालवी, कोणी शिवणकाम करी, कोणी तेलाच्या घाण्यावर असे, कोणी गोठ्यात, कोणी छापखान्यात. शेत तर होतेच. सकाळी शाळा आणि दुपारी हातकाम, किंवा याच्या उलट, अशी वाटणी असे. साड्या मागावर विणायच्या आणि तेवढ्याच नेसायच्या. रमाबाई स्वतः पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत आणि शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

सुंदराबाई पवार, मिनी एब्रम्स अशी देशी-परदेशी माणसे त्यांच्या मदतीला होती. पण मुक्तीचे रोजचे रहाटगाडगे ओढणाऱ्या बहुतेक जणी मुक्तीतच वाढलेल्या होत्या. एक मुलगी बरी झाली, थोडी शिकली, की तिच्या हाताखाली नव्या आलेल्या आठ-दहा मुली दिल्या जात. त्यांचे खाणे, न्हाणे, निजणे, भांडणे सगळे तिच्याकडे. काल जिला भरवले ती आज भरवणारी. दयेवर चालणाऱ्या संस्थांत देणारे आणि घेणारे हे दोन वर्ग वर्षानुवर्षे तसेच राहतात. देणाऱ्याला त्यात बरेही वाटते. मुक्तीत घेणारी फार दिवस घेणारी राहू शकत नसे. संस्थेचे मोठे देणे मला वाटते ते हे, आणि याचा उल्लेख वार्षिक अहवालांत क्वचितच सापडतो.

अडचणीच्या गोष्टीही लिहिल्या पाहिजेत. दुष्काळात आणलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी मुलाला अन्नाबरोबर धर्म दिला तर त्याच्या निवडीला किती अर्थ राहतो, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारण्यासारखा आहे. शारदासदनात पाळलेली तटस्थता मुक्तीत नव्हती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. रमाबाईंची बाजू मांडणारा म्हणेल की त्यांनी ते कधी लपवले नाही, आणि त्या मुली नेणारे दुसरे कोणी रांगेत उभे नव्हते. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे खोडले जात नाही. दुसरे असे की शिस्त कडक होती आणि शेवटचा शब्द नेहमी रमाबाईंचा असे. दीड हजारांचे घर मतदानाने चालत नाही हे मान्य. तरीही इतक्या बायकांना पायावर उभे करणाऱ्या बाईने स्वतःच्या पश्चात कोणी मोठा निर्णय घेईल अशी सोय फार उशिरा केली, आणि ती सोय म्हणजे मनोरमाबाई, एकटी मुलगी.

१९०५ साली मुक्तीत जे झाले त्याला ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. जानेवारीपासून मुलींचे गट रोज प्रार्थनेला जमत होते. जूनच्या अखेरीस प्रार्थनेत रडणे, पापे कबूल करणे, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे असे सुरू झाले, आणि ते महिनोन्महिने चालले. बाहेरच्या काही मिशनऱ्यांना हा गोंगाट अजिबात रुचला नाही. रमाबाई या विषयावर ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकात लिहू लागल्या. त्यांचा रोख असा की, हिंदुस्थानातल्या बायकांनी आपल्या रीतीने रडावे, हसावे, टाळ्या वाजवाव्यात. इंग्रजी शिस्तीत बसत नाही म्हणून देव त्यात नाही असे ठरवायचे कारण नाही. संजीवनाच्या बातम्या जगभर गेल्या, आणि पेंटेकोस्टल चळवळीचे इतिहासकार आजही केडगावचे नाव घेतात. माझ्या दृष्टीने त्यातली लक्षात राहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हे सुरू केले ते मुलींनी, आणि रमाबाई बाजूला झाल्या. ज्या संस्थेत शेवटचा शब्द त्यांचा असे, तिथे उपासनेच्या जागी त्यांनी आपल्याच हाताखालच्या पोरींना पुढे होऊ दिले. पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या.

याच सुमारास रमाबाईंनी बायबलाचे भाषांतर हाती घेतले. वय पन्नाशीकडे झुकलेले, कान जवळजवळ गेलेले. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. मराठी बायबल आधीपासून होते. मग हे दुसरे कशाला, असे पुष्कळांनी विचारले. मुक्तीतल्या मुलींना ते कळत नाही, हे त्यांचे उत्तर. संस्कृताचा एवढा अधिकार असलेल्या बाईने लिहिताना संस्कृत शब्द शक्य तिथे बाजूला सारले, आणि खेड्यातल्या बाईच्या कानावरचे शब्द घेतले. पांडित्याचा त्यांनी केलेला हा शेवटचा उपयोग. भाषांतर मुळाला इतके चिकटून आहे की पुष्कळ जागी मराठी वाक्य अडखळते, हे खरे. मंडळ्यांनी ते फारसे वापरात घेतले नाही, हेही खरे. साहित्यकृती म्हणून ते जुन्या भाषांतराहून सरस आहे असे म्हणायला मी धजणार नाही. पण एका स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकहाती मराठीत आणावे, आणि तेही असे घर चालवताना, याला तोड नाही.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्याने मुक्तीत काही फरक पडला नाही.

मनोरमाबाई शिकून परत आल्यापासून शारदासदन सांभाळत होत्या. त्यांनी गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा काढली होती. २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या. वय अवघे चाळीस. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. बायबलाची शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत देवाकडे त्यांनी दहा दिवस मागून घेतले आणि ते पुरे होताच प्राण सोडला, असे मुक्तीत सांगतात. भाविकांनी ही गोष्ट थोडी साजरी केलेली असेल. हातातले काम संपवूनच त्या गेल्या एवढे मात्र निश्चित.

पुष्कळांना वाटले होते की आता मुक्ती मिटेल. वारस गेलेली, संस्थापिका गेलेली, पैशांची कधीच खात्री नसलेली. पण दुसऱ्या दिवशीही चुली पेटल्या, कारण त्या पेटवणाऱ्या बायकांचे रमाबाईंवाचून अडत नव्हते; तसेच त्यांना तयार केलेले होते. परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांनी पुढे कारभार चालवला. आज पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने निराधार बायकांचे आणि मुलांचे काम केडगावात चालू आहे. १९८९ साली टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली लिहिलेले चरित्र आणि त्यानंतरच्या अभ्यासकांची पुस्तके यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात पुन्हा मोकळेपणाने घेतले जाऊ लागले आहे.

त्या बायबलाची छपाई रमाबाईंच्या मृत्यूच्या वेळी पुरी झालेली नव्हती. छापखान्यात जुळारी बायकाच होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी लहानपणी अक्षरशून्य आलेल्या, आणि खिळे जुळवता जुळवताच वाचायला शिकलेल्या. त्यांनी उरलेली पाने जुळवली, छापली, घड्या घातल्या, आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.